वडगावचा यवन

कार्ल्याच्या लेण्यात मी पहिल्यांदा गेलो तो दुसऱ्याची सोबत करायला. वडगावच्या कोर्टात कारकून म्हणून बदलून येऊन मला फार दिवस झाले नव्हते. आमच्या मुन्सफसाहेबांकडे पुण्याहून एक विद्वान पाहुणे आले होते आणि त्यांना लेणी पाहायची होती. साहेबांना वेळ नव्हता. नाझरांनी माझं नाव सुचवलं, कारण मला थोडं संस्कृत येतं असं त्यांच्या कानावर होतं. ते खरंही होतं. पुण्याच्या कॉलेजात मी एक वर्ष काढलं होतं आणि संस्कृतात पहिल्या काही मुलांत होतो. मग वडील गेले, घर माझ्यावर आलं आणि मी मिळाली ती नोकरी धरली.

मळवली स्टेशनावर उतरून आम्ही चालत गेलो. पायऱ्या चढताना पाहुण्यांना दम लागला. आत गेल्यावर मात्र ते एकेका खांबापुढे उभे राहून काठीच्या टोकाने अक्षरं दाखवू लागले. एका खांबापाशी ते म्हणाले की हा खांब एका यवनाने दान दिलेला आहे. मी विचारलं, त्या काळी इकडे मुसलमान कुठून आले? ते हसले. मला ते हसणं लागलं, पण त्यांनी समजावून सांगितलं. यवन म्हणजे ग्रीक. पश्चिमेकडच्या बंदरांतून व्यापाराला येणारे, घाट चढून वर येणारे.

"तुम्हाला संस्कृत येतं ना?" ते म्हणाले. "मग ग्रीक शिका. सोपं जाईल तुम्हाला. आपल्याकडे कुणी शिकतच नाही."

एवढं बोलून त्यांनी उपरण्याने मान पुसली आणि खाली चहा कुठे मिळेल ते विचारलं. संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत ते बोलणं त्यांच्या लक्षातही राहिलं नसावं. पुढे त्यांची माझी गाठ पडली नाही. माझं मात्र त्या एका वाक्याने जे व्हायचं ते झालं.

पुण्याला कामासाठी गेलो की मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत डोकावू लागलो. बरेच महिने काही मिळालं नाही. एकदा बुधवारातल्या एका दुकानदाराने रद्दीच्या गठ्ठ्यातून ग्रीकचं एक जाड व्याकरण काढून दिलं. कुठल्याशा साहेबाच्या पोराचं असावं. आत पेन्सिलीने काढलेली घोडी होती. पुस्तक विलायतेतल्या शाळकरी पोरांसाठी लिहिलेलं. त्यांना आधी लॅटिन येतं असं धरून प्रत्येक गोष्ट लॅटिनच्या आधाराने समजावलेली. मला लॅटिनचा गंधही नव्हता. पहिले काही आठवडे मी त्या पुस्तकाशी नुसता झगडत राहिलो. अक्षरं घोटली. पहाटे उठून पाटीवर काढायचो, पुसायचो, पुन्हा काढायचो. तिशी गाठलेला, बायको-मुलगी असलेला माणूस पाटी घेऊन बसलेला पाहून शेजारच्या मावशींनी माझ्या बायकोला विचारलं होतं की यांचं डोकं ठिकाणावर आहे ना.

मग एके दिवशी एक क्रियापद आलं. दिदोमि. मी देतो. मी पुस्तक खाली ठेवलं. दिदोमि, ददामि. पुढच्या पानांवर आणखी होती. अस्ति म्हणजे एस्ति. बैलाच्या मानेवरचं जू संस्कृतात युग आणि ग्रीकात झ्युगोन. ग्रीकालाही द्विवचन होतं. ज्या आत्मनेपदासाठी त्या इंग्रज लेखकाने तीन पानं खर्ची घातली होती ते मला पहिल्या ओळीत कळलं. विलायतेतल्या पोरांना जिथे रडू येत असेल तिथे मी धावत होतो. त्या दिवसांत मला जो आनंद झाला तो त्याआधी कधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून बायकोला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. जू हा शब्द साता समुद्रापलीकडेही तसाच आहे हे ऐकून तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे बैल असतात का असं विचारलं. असतात म्हटल्यावर तिला ते पटलं.

ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि तिचे कान फार तिखट होते. मी येरझाऱ्या घालत क्रियापदं पाठ करायचो. लूओ, लूएइस, लूएइ. मी सोडतो, तू सोडतोस, तो सोडतो. एकदा मी मध्येच अडलो, तर आतून चुलीपाशी बसून तिने पुढचं रूप सांगितलं. मला वाटलं, मीच मनात म्हटलं असेल. पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. नंतर तो आमचा नेमच झाला. मी म्हणायचो आणि अडलो की ती सांगायची. अर्थ तिला ठाऊक नव्हता आणि तिने तो फारसा विचारलाही नाही. भाकरी थापताना तालावर ती रूपं म्हणायची, जशी एखादी बाई ओव्या म्हणते. आमची मुलगी तेव्हा लहान होती. ती ही दोन माणसं काय बडबडतात ते पाहून टाळ्या वाजवायची.

कोर्टात माझ्या या नादाची बातमी पसरायला वेळ लागला नाही. वकीलमंडळींनी मला यवन म्हणायला सुरुवात केली. "यवन, ती तारीख लावा," असं ते हाक मारायचे. मीही हसायचो. त्या नावात तेव्हा काही विष नव्हतं.

एका गोऱ्या पाद्रीसाहेबांची गाठ कोर्टातच पडली. ते लोणावळ्याला तुंगार्लीच्या रस्त्याला एका बंगलीत राहायचे. सगळी हयात नगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांत काढून म्हातारपणी थंड हवेसाठी इकडे आले होते. शेजाऱ्याने कुंपण सरकवलं म्हणून त्यांचा दावा चालू होता. पुकारा होईपर्यंत ते माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसले होते. काम नव्हतं म्हणून मी व्याकरण उघडून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होतो. त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं की तुमचा उच्चार चुकतो आहे, आघात दुसऱ्या अक्षरावर पाहिजे. मी दचकलो. ते उठून माझ्यामागे आले, पुस्तकाकडे पाहिलं आणि तसेच उभे राहिले. मला वाटतं, त्यांनाही फार वर्षांत या भाषेबद्दल बोलायला कुणी भेटलं नव्हतं. जाताना त्यांनी मला रविवारी दुपारी यायला सांगितलं.

मी जायला लागलो. रविवारी जेवण उरकून गाडी धरायची, लोणावळ्याला उतरून चढण चढायची. ते उत्तम शिकवायचे. चूक झाली की टेबलावर बोट आपटायचे, पण रागवायचे नाहीत. आम्ही त्यांच्या धर्मग्रंथातला नवा करार वाचायचो. तो मुळात ग्रीकातला, आणि त्यातलं ग्रीक सोपं. मला नाटकं वाचायची होती, युद्धांच्या हकिगती वाचायच्या होत्या. त्यांनी सांगितलं, आधी हे, मग ते. मला त्यात गैर काही वाटलं नाही. संस्कृत शिकताना आपणही आधी सोपं घेतोच की.

त्या खांबाबद्दल मी त्यांना एकदा विचारलं. कार्ल्याची लेणी त्यांनीही पाहिली होती. ते म्हणाले, दान देणाऱ्या त्या यवनांची नावं इथलीच आहेत, धर्म इथला, दानही इथल्या पद्धतीचं. त्यांच्या तोंडी एक तरी ग्रीक शब्द उरला असेल की नाही याची त्यांना शंका होती. ज्यांच्यासाठी मी ही भाषा शिकायला निघालो होतो त्यांनाच ती येत नसावी. मी परत येताना गाडीत त्यावर विचार करत बसलो. वाईट वाटलं, पण तोवर मला भाषेचीच गोडी लागली होती.

पहिली आठ-नऊ वर्षं मी त्यांच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांनी आग्रह केला नाही. मग एका पावसाळी रविवारी मी चिंब भिजून, कुडकुडत पोचलो. त्यांच्या म्हाताऱ्या माळ्याने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि मी तो प्यायलो. त्या दिवशी आम्ही अडून राहिलेलं एक लांबलचक वाक्य सोडवलं होतं, आणि कपाकडे माझं खरोखर लक्षही नव्हतं. व्हरांड्यातल्या त्या खुर्चीत मला चहा पिताना कुणीतरी रस्त्यावरून पाहिलं. कोण ते मला कधीच कळलं नाही. रेल्वेतला कुणीतरी असावा, कारण बातमी गाडीच्या वेगाने वडगावला आली.

आधी ती कुजबुज होती. मग नाझरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तुम्ही बाटलात हे खरं का. मी हसलो. ते हसले नाहीत. यवन हे नाव आता वेगळ्या सुरात उच्चारलं जाऊ लागलं. मावळातले पक्षकारही माझ्याकडे टवकारून पाहायचे. ते दावे-फिर्यादींना येणारे साधे शेतकरी. त्यातल्या एका आबांनी तर तोंडावर विचारलं, "भाऊ, तुमी किरिस्ताव झालाव म्हनं, व्हय?" मी नाही म्हटलं. आबा म्हणाले, "मंग लोक उगाच कशापायी बोलत्याल?" आणि जाणत्या नजरेने मला न्याहाळत निघून गेले.

घरी मला कळायच्या आधी बायकोला सगळं कळलं होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणी आली नाहीत. आमच्या घरी ठेवलं तर दोनच बायका आल्या आणि त्यांनीही डाळ-पन्ह्याला हात लावला नाही. ती मला काही बोलली नाही. एवढंच झालं की त्यानंतर मी क्रियापदं म्हणताना अडलो तर आतून काही येईना. मला वाटलं, कामात असेल. एक दिवस मी मुद्दाम थांबलो. ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मला ते येतं हे कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "मुलीचं व्हायचंय अजून."

मी म्हटलं, नाही सांगणार. त्यानंतर तिने त्या भाषेतला एकही शब्द उच्चारला नाही. तिच्या कानात ते सगळं होतं. मी चुकलो की तिचा हात क्षणभर थांबायचा, हे मला दिसायचं.

मुलीचं तळेगावच्या एका घरी जवळजवळ ठरलं होतं. मुलगा शाळेत शिक्षक होता, घर नेमस्त होतं आणि माणसं वागायला चांगली होती. मुलीने त्याला पाहिलं होतं आणि ती खूश होती. तिने तोंडाने सांगितलं नाही, पण त्या दिवसांत ती विहिरीवर जातानाही गुणगुणत असायची. बातमी तळेगावला पोचल्यावर त्यांच्याकडून निरोप आला की थोडं थांबू. मग माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, येऊन बसले. ते तळेगावलाच असायचे आणि हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. त्यांनी फार गोड बोलून सांगितलं की लोकांचं तोंड बंद करायला एकच उपाय आहे. चारचौघांत प्रायश्चित्त घेऊन टाका.

मी विचारलं, "कशाचं? मी चहा प्यायलो त्याचं?"

"तुम्ही काय प्यायलात ते कोण विचारतंय?" ते म्हणाले. "लोकांना विधी झालेला पाहायचाय. तो त्यांना दाखवा आणि मोकळे व्हा."

मी दोन दिवस कबूल झालो नाही. बायको मला काही म्हणाली नाही आणि मुलगीही नाही. त्या दोघींच्या न बोलण्यानेच शेवटी मी तयार झालो. इंद्रायणीच्या काठी भटजींनी माझं क्षौर करवलं, स्नान घातलं, पंचगव्य दिलं आणि जानवं बदललं. मेहुण्यांनी पाहायला माणसं गोळा केली होती. कोर्टातले दोघे होते, तळेगावचे एक वयस्कर गृहस्थ होते. थंडी होती. डोकं भादरलेला मी ओल्या धोतराने उभा होतो आणि भटजी जे मंत्र म्हणत होते त्यात त्यांच्या विभक्तीच्या चुका होत होत्या. त्या मला ऐकू येत होत्या. त्या दिवसातलं मला सर्वांत लख्ख आठवतं ते हेच.

त्या रविवारी मी लोणावळ्याला गेलो नाही. पुढच्या रविवारी गेलो. का गेलो असं मेहुण्यांनी नंतर फार ओरडून विचारलं. मला वाटलं होतं की विधी झाला, लोकांचं समाधान झालं, आता मला मोकळीक आहे. त्यांनीच नाही का मोकळे व्हा म्हटलं?

बंगलीच्या फाटकावर माळी उभा होता. त्याने मला पाहिलं आणि तो अवघडला. "सायेब हायेत, पन भेटतील का ठावं न्हाई," असं म्हणून तो बाजूला झाला. पाद्रीसाहेब व्हरांड्यात बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. माझ्या टोपीखाली केस नव्हते, ते त्यांनी पाहिलं. नगर जिल्ह्यात सगळा जन्म काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागणार नव्हता.

मी म्हणालो की घरच्यांसाठी करावं लागलं, माझ्या मनात तसं काही नव्हतं.

"तुम्ही माझ्या स्पर्शाचं प्रायश्चित्त घेतलंत," ते सावकाश म्हणाले. "मग पुन्हा विटाळून घ्यायला कशाला आलात?"

मग ते आणखी बोलले. इतकी वर्षं त्यांनी मला काय वाचून दाखवलं, त्यातलं एक तरी अक्षर माझ्या मनात शिरलं का? मी म्हणालो की सगळं शिरलं, मला ते बरंचसं पाठ आहे. ते म्हणाले, पाठ करायला त्यांनी सांगितलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते काय धरून बसले होते. रविवारामागून रविवार मी भाषा शिकत होतो आणि ते एका जिवाची वाट पाहत होते. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणत नाही, मी त्यांना फसवलं असं तर मुळीच म्हणत नाही. पण त्या व्हरांड्यात त्या क्षणी त्यांच्या लेखी मी लबाड होतो.

आत टेबलावर त्यांनी माझ्यासाठी एक नाटक काढून ठेवलेलं मला दिसलं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं की आता तुम्ही नाटकाला तयार आहात. कापडी बांधणीचं निळं पुस्तक होतं. ते टेबलावरच राहिलं. मी नमस्कार केला आणि चढण उतरून स्टेशनावर आलो. परतीची गाडी यायला फार वेळ होता. फलाटावर हवा खायला आलेली मुंबईची मंडळी चिक्कीचे पुडे घेऊन हिंडत होती आणि मी त्यांच्यात भादरलेल्या डोक्याने बसून राहिलो.

मी पुन्हा लोणावळ्याला गेलो होतो हे तळेगावला कळायला एक दिवस लागला. ते स्थळ गेलं. मेहुण्यांनी आमच्याकडे येणं सोडलं. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न झालं ते जुन्नरकडच्या एका बिजवराशी. त्यांना आधीच्या बायकोची दोन मुलं होती. माणूस वाईट नव्हता, पण वयाने फार मोठा आणि सदा आजारी. मुलगी सासरी जाताना माझ्या पाया पडली आणि रडली नाही. नंतर माहेरपणाला यायची तेव्हा मी वाचायला बसलो की ती उठून परसात जायची. मी एकदा तिला हाक मारली. "तुमचं चालू द्या," असं तिने बाहेरूनच सांगितलं. मी पुस्तक मिटलं, तरी ती आत आली नाही.

यावर लोक म्हणतील की मग सोडून द्यायचं होतं. बायकोच्या नात्यातल्या सगळ्यांनी तेच म्हटलं. मी सोडलं नाही. मी चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एका माणसाने पहाटे उठून एक जुनी भाषा शिकावी यात कुणाचं काय जात होतं? ज्यांनी माझ्या मुलीचं लग्न मोडलं त्यांना माझ्या त्या अक्षरांत काय आहे ते पाहण्याचीही इच्छा नव्हती. सोडून दिलं असतं तर ते बरोबर ठरले असते, एवढंच.

मी एकटा वाचत राहिलो. मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एकेक पुस्तक आणवलं. नाटक वाचलं, मग दुसरं वाचलं. कोशात शब्द शोधता शोधता एकेका पानाला आठवडा लागायचा. उच्चार बरोबर की चूक हे सांगणारं कुणी नव्हतं. एखादं अवघड वाक्य सुटलं की मी मान वर करायचो आणि समोर भिंत असायची. बायको शेजारच्या खोलीत असायची. तिला हाक मारावी असं शंभरदा वाटलं. पण तिने एकदा सांगितलं होतं, आणि मी तिला त्यात पुन्हा ओढलं नाही. ती गेली त्या वर्षी मी काहीच वाचलं नाही.

पाद्रीसाहेब त्याआधीच वारले होते. मला ते कोर्टातूनच कळलं, त्यांचा कुंपणाचा दावा निघाला तेव्हा.

मग दुसरं महायुद्ध आलं. लोणावळ्यात त्या काळी तऱ्हेतऱ्हेची माणसं दिसायची. कुणाला मायदेशी परतता येत नव्हतं, कुणी मुंबईचा उकाडा सोसवत नाही म्हणून वर आलेलं. तिथल्या एका हॉटेलात एक ग्रीक व्यापारी उतरला आहे असं मला स्टेशनमास्तरांनी सांगितलं. हा मुंबईला कापसाच्या धंद्यात होता. खरा ग्रीक, जन्माने ग्रीक. मला रात्रभर नीट झोप आली नाही. सकाळी मी धुतलेलं धोतर, काळा कोट आणि पगडी घालून, नाटकाचं पुस्तक काखेत मारून गाडीत बसलो. डब्यात बसल्या बसल्या मी वाक्यं जुळवत होतो. कामशेत गेलं तरी मी एकाच क्रियापदाशी अडलो होतो, तिथे विध्यर्थ चालेल की आज्ञार्थ.

तो हॉटेलच्या बागेत वर्तमानपत्र वाचत बसला होता. पन्नाशीचा, जाडसर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "खाइरे." नमस्कार. आणि पुढे जुळवलेली वाक्यं बोललो. माझ्या आयुष्यात ती भाषा मी प्रथमच तिच्या माणसाशी बोलत होतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हिंदुस्तानीत सांगितलं की मला काही नको आहे.

मी पुन्हा बोललो, जरा सावकाश. त्याला वाटलं मी कुठला दक्षिणेकडचा ज्योतिषी असेन. शेवटी मी इंग्रजीत सांगितलं की मी ग्रीक बोलतो आहे. तो चकित झाला. मी पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं, आणि मला ते ओळखू येईना. मी ज्याला बी म्हणायचो त्याला तो वी म्हणत होता. अर्धे स्वर त्याच्या तोंडात सारखेच इ होते. आधी मी ज्या शब्दाने त्याला नमस्कार केला होता तो त्याने हेरे असा उच्चारला. इतकी वर्षं मी एकांतात जे म्हणत होतो ते त्याच्या मुलखात कुणी म्हणत नव्हतं.

त्याने दोनतीन ओळी वाचल्या, पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं. शाळेत या ओळींसाठी त्याला फार छड्या बसल्या होत्या, असं तो म्हणाला. त्याला त्या पुन्हा पाहायच्या नव्हत्या. मग त्याने सांगितलं की त्याच्या देशात शत्रूचं सैन्य बसलं आहे, अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं भुकेने मरत आहेत आणि त्याच्या बहिणीची पत्रं येणं बंद झालं आहे. मी म्हणालो, वाईट झालं. ते मी इंग्रजीत म्हणालो.

"तुम्ही हे कशासाठी शिकलात?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी त्याला कार्ल्याच्या खांबाबद्दल सांगायला लागलो, पण मध्येच थांबलो. सांगताना ते मलाच खरं वाटेना. मग विषय बदलावा म्हणून त्याने विचारलं की हॉटेलातला भात फार वाईट असतो, इकडे चांगला तांदूळ कुठे मिळतो? मी त्याला कामशेतच्या एका अडत्याचं दुकान सांगितलं आणि आंबेमोहोर मागा म्हणून बजावलं. ते नाव त्याने माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. आमच्या दोघांच्या बोलण्यात तोच एक शब्द नीट पोचला.

त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. कोर्टात निरोपाचा समारंभ झाला. नवे मुन्सफ तरुण होते, मनाने चांगले. मला यवन म्हणणारे वकील आता म्हातारे झाले होते आणि जुनं सगळं ते विसरून गेले होते, किंवा विसरल्यासारखं वागत होते. एकजण भाषणात म्हणाला की आमचे हे मित्र मोठे व्यासंगी, यांनी खासगी रीतीने लॅटिन भाषेचा अभ्यास केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुरुस्ती केली नाही.

मुन्सफसाहेबांना कौतुक वाटलं. ते म्हणाले, "मग आम्हाला थोडं म्हणून दाखवा की. पुन्हा कधी ऐकायला मिळणार?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मागच्या बाकावर माझे मेहुणे होते. फार वर्षांनी ते आले होते, शाल पांघरून, प्रसन्न चेहऱ्याने. मला नाटकातला एक उतारा तोंडपाठ होता. त्यातली एक बाई, जिचं सगळं गेलेलं असतं, ती गावातल्या वडीलधाऱ्यांपुढे उभी राहून बोलते. मी उभा राहिलो. पहिला शब्द जिभेवर आला होता. मग मी पाहिलं की एक वकील आधीच शेजाऱ्याला कोपर मारून हसण्याच्या तयारीत आहे.

"विसरलो सगळं," मी म्हणालो. "वय झालं."

ते ऐकून लोकांना बरं वाटलं असं मला दिसलं. मुन्सफसाहेबांनी चालायचंच म्हणून मान हलवली, मला शाल आणि नारळ दिला आणि पेढे वाटायला सुरुवात झाली. मेहुणे पुढे येऊन म्हणाले की बरं झालं, त्या नादाने तुमचं फार नुकसान केलं. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

दुसऱ्या दिवशी कचेरी नव्हती. सवयीने पहाटे जाग आली. चूल पेटवून चहा केला, कंदील जवळ ओढला आणि चालू असलेलं पान उघडून बसलो. एक वाक्य उन्हं येईपर्यंत सुटलं नाही. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. मुलीच्या नवऱ्याला पुन्हा दवाखान्यात ठेवल्याची तार आली होती आणि मला जुन्नरला जायचं होतं.